हजेरीपट कुणाच्या हातात?

नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार नेमून दिलेल्या पट्ट्यात आहे की बाहेर गेला, कुठे थांबला, किती वेळ थांबला, हे नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसू लागले. त्यावर हजेरी ठरू लागली आणि हजेरीवर पगार. नागपुरात या कामगारांतले हजारो जण ‘ऐवजदार’ म्हणून वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट पाहत आलेले. नवी मुंबई, चंडीगड, पंचकुला इथेही अशीच घड्याळे आली. चंडीगड-पंचकुला भागात स्त्री कामगारांनी एक भीती बोलून दाखवली: घड्याळात कॅमेरा आणि माइक आहे म्हणतात, मग शौचालयात जाताना काय करायचे?

या प्रश्नाने मला जितके अस्वस्थ केले तितके खासगीपणावरच्या कुठल्याही चर्चेने केलेले नाही. आपल्या घरांत खासगीपणाचा विषय निघतो तो मोबाईलवर दिसणाऱ्या जाहिरातींवरून, बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या फोनवरून. ते प्रश्न खरेच आहेत. पण तिथे नको असलेले अ‍ॅप काढून टाकता येते, नंबर ब्लॉक करता येतो. मनगटावरचे घड्याळ मात्र काढता येत नाही, कारण ते काढणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे. जातीने ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला, त्यांच्याच हातावर आधी हे घड्याळ चढावे, यात योगायोग फार थोडा आहे. इंटरनेटने कामाच्या जागी जी नवी सत्ता उभी केली, तिचा पहिला प्रयोग नेहमी नाही म्हणण्याची ऐपत नसलेल्यांवर होतो. आणि आपला नवा कायदा नेमका तिथेच गप्प आहे.

न्यायालय मात्र गप्प नव्हते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे खरक सिंग यांचा खटला आला. दरोड्याच्या एका गुन्ह्यातून ते पुराव्याअभावी सुटले होते. तरीही उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दार ठोठावायचे, माणूस घरात आहे का बघायचे, तो कुठे जातो याची नोंद ठेवायची. रात्रीच्या भेटी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, पण बाहेरच्या हालचालींवर नजर ठेवण्याला हरकत घेतली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे बहुमत होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत लिहिले. पाठीवर सतत नजर असलेला माणूस रस्त्यावरून चालत असला तरी मोकळा नसतो, त्याच्या मनावरच बेडी पडते, असा त्यांच्या मताचा आशय होता. हे अल्पमत पंचावन्न वर्षांनी जिंकले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि त्याचे मूळ माणसाच्या प्रतिष्ठेत आहे. खरक सिंग खटल्यातले जुने मत त्या दिवशी रद्द झाले.

सुब्बा राव यांचे ते मत वाचताना मला नागपूरचा झाडूवाला दिसतो. पोलिसाच्या जागी घड्याळ आले आहे, इतकाच फरक.

मग कायदा आला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. पुढे एक विधेयक आले, संसदीय समितीकडे गेले, २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याचा सगळा डोलारा संमतीवर उभा आहे: तुमची माहिती घ्यायची तर तुम्हाला आधी सांगायचे, विचारायचे, तुम्ही होकार मागे घेतलात तर थांबायचे. मात्र कलम ७ मध्ये संमतीशिवाय माहिती वापरण्याच्या सवलतींची यादी आहे आणि तिच्यात नोकरीच्या कारणासाठी, तसेच मालकाला नुकसानीपासून किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठी केलेला वापर बसतो. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातही नोकरीसाठी सवलत होती. पण ती भरती, हजेरी, कामाचे मूल्यमापन अशा ठरावीक कामांपुरती होती, आणि मालक-नोकर नात्यात संमती घेणे जिथे योग्य ठरत नाही किंवा फारच अवघड जाते, तिथेच लागू होती. अंतिम कायद्यात या मर्यादा उरल्या नाहीत.

याहून मोठी गोष्ट कलम ११ मध्ये आहे. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचे काय करता, हे विचारण्याचा हक्क त्या कलमाने दिला आहे. पण तो ज्याने संमती दिली त्याला. कामगाराला संमती विचारलीच नाही, म्हणून त्याला आपली नोंद मागण्याचा हक्कही नाही. एक हक्क काढला की दुसरा आपोआप गळतो. पाळत ठेवताना कामगाराला विचारायचे नाही आणि पाळतीत काय सापडले ते त्याला दाखवायचेही नाही, हे पुट्टस्वामी निकालातल्या प्रतिष्ठेशी कसे जुळते, हे मला कळलेले नाही.

महाराष्ट्राला हजेरीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना, १९७७ चा कायदा, आणि कामावरचा तो मस्टर, हे सगळे इथलेच. मस्टरवर बोगस नावे चढायची, मेलेल्या माणसांच्या नावाने पैसे निघायचे, हे कोणी नाकारू नये. पण मस्टर कागदावर होता, कामाच्या जागी होता, गावातल्या माणसाने मागितला तर तो वाचता येत होता. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात गावोगावच्या जनसुनवाईत मस्टरवरची नावे मोठ्याने वाचून चोरी पकडली आणि त्या लढ्यातून माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. चोरी थांबवण्याचा तो एक मार्ग होता: नोंद उघडी करायची.

मनरेगात दुसरा मार्ग निवडला गेला. जानेवारी २०२३ पासून सर्व सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो मोबाईल अ‍ॅपवर चढवणे सक्तीचे झाले. सकाळचे काम लवकर उरकलेल्या बाईलाही दुसऱ्या फोटोसाठी कामावर थांबणे किंवा पुन्हा येणे भाग पडले. फोटो चढला नाही तर तिने उपसलेली माती कुणाच्या हिशेबात नाही. आणि चोरी? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने स्वतःच परिपत्रक काढून गैरप्रकार मोजून दाखवले: कामाशी संबंध नसलेले फोटो, प्रत्यक्ष मजुरांऐवजी फोटोचाच फोटो. उपाय म्हणून ग्रामपंचायतीत फोटो माणसांकडून तपासून घ्यायला सांगितले. चोराला यंत्राने अडवले नाही. अडवले ते रेंज नसलेल्या डोंगरातल्या मजुराला.

यंत्राच्या दोषाचा भुर्दंड कामगारालाच बसतो, हे अंगणवाडी सेविकांनी आधी ओळखले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत. कुपोषित मुलाचे वजन घेणाऱ्या बाईला आपल्याच कामाची नोंद आपल्या भाषेत करता येऊ नये, याविरुद्ध त्या रस्त्यावर उतरल्या. कामगाराने तंत्रज्ञानाशी कसे बोलावे याचा हा वस्तुपाठ मला फार मोलाचा वाटतो. मोबाईल नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. चालणारा द्या, आमच्या भाषेत द्या, आणि यंत्राच्या दोषापायी आमचे मानधन कापू नका, एवढेच होते.

दरम्यान उलट्या बाजूला काय झाले तेही पाहायला हवे. याच व्यक्तिगत माहिती कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी एखादी माहिती व्यक्तिगत असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर ती द्यावी लागे. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढे म्हणून अर्ज फेटाळता येतो. सार्वजनिक हिताचे कलम ८(२) अजून शिल्लक आहे, पण ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येणार. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने यावर जितके बोलायला हवे होते तितके तो बोलला नाही. मजुराचा चेहरा सर्व्हरवर आणि अधिकाऱ्याची फाइल कपाटात, अशी ही वाटणी आहे.

शहरात हीच गोष्ट दुचाकीवरून धावते. पुण्या-मुंबईत जेवण, किराणा पोहोचवणारी मुले एकमेकांशी बोलतात ती ‘आयडी’बद्दल. आयडी चालू आहे, आयडी ब्लॉक झाली. का झाली, हे बहुतेक वेळा त्यांना ठाऊक नसते. ग्राहकाने तक्रार केली असेल, ऑर्डर नाकारल्या असतील, सेल्फी जुळला नसेल. हेल्पलाइनवर ठरलेली उत्तरे येतात. कंपनीच्या लेखी हा कामगार नव्हे, भागीदार. इथे कायद्याचा एक पेच आहे जो कुठल्यातरी संघटनेने न्यायालयात न्यायला हवा असे मला वाटते. तो भागीदार असेल, तर ‘नोकरीच्या कारणासाठी’ ही सवलत कंपनीला मिळू नये; त्याची खरी संमती घ्यावी लागेल आणि कलम ११ प्रमाणे नोंदही दाखवावी लागेल. आणि सवलत हवी असेल, तर तो नोकर आहे हे मान्य करून नोकराचे बाकीचे हक्कही द्यावे लागतील. दोन्हीकडचा फायदा एकाच पक्षाला का मिळावा?

बाहेर हे प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि आपल्याकडच्या ओला या दोन्ही कंपन्यांना चालकांची माहिती उघड करायला लावली; आपोआप होणाऱ्या निर्णयांमागे काय कारणे असतात, तेही सांगायला लावले. आधार होता युरोपच्या माहिती संरक्षण नियमांचा. माणसाच्या उपजीविकेवर परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला तर त्याला हरकत घेण्याचा हक्क तिथे आहे. म्हणजे भारतात जन्मलेली कंपनी परदेशातल्या चालकाला यंत्राच्या निर्णयांमागची जी कारणे सांगायला बांधील ठरली, ती मुंबईतल्या चालकाला सांगायला आपला माहिती कायदा तिला भाग पाडत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली; तीत गिग कामगारांसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद आहे. ती हवीच होती. पण वर्गणीने ब्लॉक झालेली आयडी उघडत नाही.

संमतीवर मी इतका अविश्वास दाखवतो त्याला इतिहास आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची ठरलेली वेळ, वेळेवर पगार. गिरणीत गेलेल्या प्रत्येकाने सूर्योदय ते सूर्यास्त राबायला एका अर्थाने संमती दिलेलीच होती. ती संमती पोटाची होती. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती सगळ्यांना एकदम मिळाली. कामगाराने एकेकट्याने मालकाशी बोलून ती मिळणार नव्हती. भरती, रजा, बडतर्फी सगळे जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, मर्जीवर चालायचे, त्यालाही पुढे हळूहळू वेसण बसली. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना सेवेच्या अटी लिहून काढायला लावल्या, त्या सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायला लावल्या आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दरवाजाजवळच्या फलकावर लावायला सांगितले. हजेरी कशी धरली जाईल, गैरवर्तन कशाला म्हणायचे, काढण्याआधी काय विचारायचे, हे फलकावर वाचता येऊ लागले.

आजच्या अ‍ॅपमधल्या नियमांना असा फलक नाही. रेटिंग किती घसरले की ऑर्डर कमी होतात, घड्याळ किती मिनिटे बंद राहिले की गैरहजेरी लागते, हेही सेवेच्या अटीच आहेत. त्या संगणकात लिहिल्या म्हणून त्यांचे स्वरूप बदलत नाही. कंपन्या व्यापारी गुपिताचे कारण पुढे करतात. मार्ग कसा आखायचा, मागणीचा अंदाज कसा बांधायचा, ही गुपिते त्यांनी ठेवावीत. माझा पगार कोणत्या कारणाने कापला, हे मात्र माझ्यापासून ठेवण्याचे गुपित असू शकत नाही. कर्नाटकाने २०२५ च्या गिग कामगार कायद्यात या दिशेने पाऊल टाकले: करारात अटी स्पष्ट हव्यात, स्वयंचलित यंत्रणा कामगारावर कसा परिणाम करते ते सांगावे, आणि काम बंद करण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस द्यावी.

महाराष्ट्राकडे याहून जुनी आणि माझ्या मते याहून भक्कम वाट आहे. मालक एक नाही, काम रोज वेगळ्या दुकानात, हजेरी कुणाकडेच नाही, अशी स्थिती मुंबईच्या बाजारातल्या हमालांची होती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक आणि कामगार दोघांनी मंडळाकडे नोंदणी करायची, मालकाने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने टोळीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पैसे टाकायचे. मंडळात मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. माथाडी मंडळांत नंतर शिरलेल्या गैरप्रकारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहायलाच हवे. पण त्या कायद्याची मूळ कल्पना आज गिग कामगारांच्या बाबतीत जशीच्या तशी लागू पडते. कुणी किती काम केले ही नोंद मालकाच्या वहीतून काढून तिघांच्या मंडळाकडे दिली, म्हणून मजुरी बुडवणे अवघड झाले. डिलिव्हरीच्या प्रत्येक फेरीची नोंद आज सेकंदासकट उपलब्ध आहे. १९६९ मध्ये कागदावर करावी लागलेली सगळी मेहनत वाचली आहे. ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवरून अशा मंडळाकडेही रोज जावी, कामगाराला ती मराठीत पाहता यावी, आणि आयडी ब्लॉक करायची तर मंडळासमोर कारण मांडावे, असा कायदा करायला महाराष्ट्र विधिमंडळाला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. सफाई कामगारांच्या घड्याळांना तर नवा कायदाही नको, ती महापालिकेचीच आहेत: हजेरी कशी मोजली जाते याचा नियम प्रत्येक हजेरी शेडच्या भिंतीवर लिहावा, महिन्याची नोंद पगारपत्रकासोबत द्यावी, आणि काम संपले की घड्याळ बंद करण्याचा अधिकार ज्याच्या मनगटावर ते आहे त्याचा असावा.