दोघांचे पाचारण

कळमनुरीहून उत्तरेकडे निघाले की पैनगंगा लागते. आज ती ओलांडताना कोणाला काही विशेष वाटत नाही. पण १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यापासून पुढची जवळजवळ शंभर वर्षे या पात्राच्या अलीकडे मोगलाई आणि पलीकडे साहेबाचा अंमल अशी दोन राज्ये होती, आणि या एका सरहद्दीमुळे दोन्ही तीरांच्या नशिबी निरनिराळ्या गोष्टी आल्या. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, अकोला या बाजूस मिशनचे बंगले उठले, शाळा निघाल्या. वाशीमला १९३८ साली दवाखानाही निघाला, आणि आमच्या बाजूचे रोगी नदी ओलांडून त्याच्या दाराशी जाऊ लागले. अलीकडच्या तीरावर मात्र दिवाणाच्या मेहेरबानीवाचून परक्या पाद्र्याला बस्तान बसविणे सोपे नव्हते. नारायण शेषाद्रि या एतद्देशीय ख्रिस्ती उपदेशकाला जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसविता आली, तीसुद्धा निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जमीन दिली म्हणून.

‘मिशनरी परदेशी जातात’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने उच्चारतो त्या सहजतेत एक गंमत लपलेली आहे, ती ही की त्या वाक्यातला परदेश म्हणजे आपणच. १८८१ च्या आरंभी अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपे मुंबईस उतरले आणि बऱ्हाणपुरास जाऊन राहिले. त्यांच्या फ्री मेथडिस्ट पंथाचे काम पुढे यवतमाळपर्यंत पसरले. ज्या रानाला आपण घरचे रान म्हणतो ते त्यांच्या लेखी सातासमुद्रांपलीकडचे होते. असे लोक येथे आल्यावर त्यांनी काय केले, याची स्तुतीही पुष्कळ झाली आहे आणि निंदाही. मला कुतूहल आहे ते त्याच्या आधीचे. जहाजात पाऊल टाकण्यापूर्वी नवराबायको दिव्यापाशी बसून जी तयारी करीत असतील ती कशाची असे, आणि तिचा निर्णय दोघांपैकी कोणी घेतलेला असे?

मराठी ख्रिस्ती मंडळीत या निर्णयाच्या मुळाशी असणाऱ्या गोष्टीला ‘पाचारण’ म्हणतात. शब्द जुना आणि गोड आहे. देवाने नाव घेऊन हाक मारावी आणि माणसाने उठून निघावे, इतका अर्थ त्यात सामावतो. अडचण एवढीच की हाक एकाला ऐकू येते आणि घर दोघांचे मोडते. ही अडचण ख्रिस्ती धर्माने आपल्याकडे आणली असे समजण्याचे कारण नाही. याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीस परंपरा नामदेवांचे जन्मस्थान मानते, याच जिल्ह्यात औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांनी त्यांना गुरुबोध केला असे सांगते, आणि येथून उठून भक्तीचा निरोप घेऊन हा शिंपी पंजाबात घुमानपर्यंत गेला. त्याची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात जाऊन बसली. पण त्याच परंपरेने राजाईचे गाऱ्हाणेही जपून ठेवले आहे: नवरा विठ्ठलाच्या नादी लागला, घरात दाणा नाही, हे तिने जाऊन रुक्मिणीपाशी सांगितले. देवाच्या हाकेबद्दलची तक्रार देवाच्या बायकोकडे नोंदविण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

युरोपातल्या राजाईला असे गाऱ्हाणे घालण्यास जागा नव्हती. विल्यम केरी या इंग्रज चांभाराचे लग्न १७८१ साली डॉरथी प्लॅकेटशी झाले तेव्हा वधूला लिहिता येत नसल्यामुळे तिने विवाहाच्या दप्तरात सहीच्या जागी फुली काढली. बारा वर्षांनी नवऱ्याने बंगालात जाण्याचा बेत सांगितला तेव्हा तिने प्रथम साफ नकार दिला. जहाज मिळण्यास विलंब झाला, त्या अवधीत पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण सोबत येत असेल तरच येईन या अटीवर, काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन, १७९३ च्या जूनमध्ये ती गलबतावर चढली. तिची तयारी म्हणजे एवढेच. पुढल्या साली पाच वर्षांचा मुलगा दगावला आणि त्या धक्क्यातून तिचे चित्त पुन्हा ठिकाणावर आले नाही. १८०७ साली श्रीरामपुरास मरेपर्यंत ती भ्रमिष्ट अवस्थेत, बहुधा कोंडलेलीच, राहिली. आपल्या भाषेचे व्याकरण केरीने वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८०५ साली छापले, आणि त्या व्याकरणाची विभक्ति-प्रत्ययांची कोष्टके जुळविली जात होती तेव्हा त्याच घरात ती बाई आक्रोश करीत होती. केरीच्या अचाट विद्याव्यासंगाबद्दल मला आदर आहे. तरी मराठी व्याकरणाच्या इतिहासात वैजनाथ पंडितांचे नाव मोठ्या मुश्किलीने येते आणि डॉरथीचे येतच नाही, हे मनाला लागून राहते.

तिच्यानंतर वीस वर्षांच्या आत अमेरिकेत निराळाच प्रकार दिसू लागला. अडोनायरम जडसन या तरुणाने ॲन हॅसलटाइनला मागणी घालताना तिच्या बापाला जे पत्र लिहिले ते मागणीपत्रांच्या इतिहासात अपूर्वच मानावे लागेल. कन्येचे या जगात पुन्हा दर्शन न होणे, समुद्राचे धोके, उष्ण देशाचे हवामान, हालअपेष्टा, कदाचित हिंसक मृत्यू या सर्वांना तुमची संमती आहे काय, असा त्यात सरळ प्रश्न होता. बापाने निर्णय मुलीवर सोपविला. १८१२ च्या फेब्रुवारीत लग्न झाले, दुसऱ्या दिवशी सेलम येथे दीक्षाविधी झाला आणि दोन आठवड्यांत जहाज हाकारले गेले. त्याच जहाजावर हॅरिएट न्यूवेल होती, वय अठरा. कंपनी सरकारने कलकत्त्यास थारा दिला नाही, म्हणून ही मंडळी पांगली; हॅरिएटने वाटेत समुद्रावर मूल गमावले आणि मॉरिशस बेटात एकोणिसाव्या वर्षी देह ठेवला. तिचा नवरा पुढे मुंबईस येऊन गॉर्डन हॉल यांना मिळाला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या पिढीत गणला गेला. १८२१ साली त्यालाही मुंबईतच पटकीने नेले. एका माणसालाही उपदेश न करता वारलेल्या या मुलीचे चरित्र मात्र न्यू इंग्लंडच्या घराघरांत वाचले गेले आणि त्याने कित्येक मुलींना समुद्राकडे ओढले. या काळात जोडप्याची तयारी म्हणजे मरणाची तयारी. निरोप द्यायला आलेले लोक अंत्यविधीला आल्यासारखेच रडत असणार. फरक एवढाच पडला होता की डॉरथीने संमती दिली ती थकून. ॲन आणि हॅरिएट यांनी दिली ती समजून.

असे असूनही या मंडळींना धाडणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या यादीत पत्नीचा हुद्दा ‘सहायक मिशनरी’ असा लागत असे. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे म्हणणे असे की ख्रिस्ती गृहस्थाश्रम हाच एक उपदेश आहे. बायकोने घर टापटिपीचे ठेवावे, नवऱ्याबरोबर एका मेजावर जेवावे, मुलांना वळण लावावे, आणि ते पाहून एतद्देशीयांची मने वळतील. या विचारात स्त्रीची प्रतिष्ठा वाढली हे खरे, पण ती नमुन्यादाखल मांडून ठेवलेल्या वस्तूची प्रतिष्ठा होती. गंमत अशी की या व्यवस्थेवरचा मार्मिक आक्षेप धर्मशास्त्राच्या पंडिताने नव्हे तर एका कादंबरीने घेतला. शार्लट ब्राँटीच्या १८४७ सालच्या ‘जेन एअर’मध्ये हिंदुस्थानात निघालेला पाद्री नायिकेला हिंदुस्थानी शिकायला बसवितो आणि मग मिशनरीची पत्नी म्हणून चल असा आग्रह धरतो. ती म्हणते, येते. बहीण म्हणून, सहकारी म्हणून येते. प्रेमावाचून बायको होऊन येणार नाही. काम तिला मान्य आहे, मरणाचीही तिची ना नाही. हाक त्याने ऐकावी आणि तिने त्याचे सामान व्हावे, एवढेच तिला नामंजूर आहे.

कादंबरीच्या पुष्कळ आधी मुंबईत याचे प्रत्यक्ष उत्तर तयार होत होते. १८२९ साली जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश जोडपे येथे उतरले. प्रथम दोघेही कोकणात हर्णै-बाणकोटाकडे मराठी शिकण्यास गेली. ‘दोघेही’ हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण तयारीचा अर्थ येथे पालटला. मरणास सिद्ध होण्यापेक्षा ‘ळ’चा उच्चार साधणे अधिक निकडीचे ठरले, आणि ज्याला ‘ळ’ साधायचा आहे त्याला कोणा तरी शास्त्रीबोवांपुढे अजाण होऊन बसावेच लागते. मार्गारेटबाईंनी वर्षभरात मुलींच्या शाळा उघडल्या आणि १८३५ साली त्या वारल्या. दोन वर्षांनी त्यांच्या दोन अविवाहित बहिणी ते काम चालविण्यास आल्या. अहमदनगर-मुंबईकडे सिंथिया फरार या अविवाहित बाई तर १८२७ पासूनच मुलींना शिकवीत होत्या. बायको म्हणून येण्याखेरीज बाईला दुसरा दरवाजा आहे, हे एकदा सिद्ध झाल्यावर बायको होऊन येणे ही सक्ती न राहता निवड होऊ लागली. १८६८ साली बॉस्टनला स्त्रियांनी आपले निराळे मिशन-मंडळ व त्याची तिजोरी स्थापन केली, तेव्हा ‘सहायक’ या हुद्द्याची हवाच गेली.

या घडामोडीचे एक बीज आपल्या कोल्हापुरात रुजले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. रॉयल आणि एलिझा वाइल्डर या अमेरिकन जोडप्याने १८५२ साली तेथे मिशन काढले; त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली तेथेच जन्मला. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या या पोराने पुढे अमेरिकेत, १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथील विद्यार्थी-संमेलनात, परदेशी सेवेस जाण्याच्या प्रतिज्ञेवर शंभर तरुणांच्या सह्या मिळविल्या आणि पुढे हजारो विद्यार्थ्यांना खेचणारी चळवळ उभी राहिली. त्याची बहीण ग्रेस ही माउंट होलिओकच्या मुलींत हेच काम करीत होती; ती पुढे आईसह महाराष्ट्रात परतून आली. प्रतिज्ञेचा परिणाम असा झाला की मुलगा आणि मुलगी यांनी आपापली सही लग्नाआधी, एकमेकांना ओळखण्याआधी केलेली असे. दोन निरनिराळी पाचारणे मग एका विवाहात येऊन मिळत. मिरजेच्या दवाखान्याचे डॉक्टर वानलेस सपत्नीक १८८९ साली आले ते याच लाटेच्या काळात.

पण आपल्या भाषेत या प्रश्नाचा अखेरचा शब्द बोलली ती परदेशी जोडप्यातली कोणी नव्हे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना विचारले नव्हते. हाक त्यांची, विरह तिचा. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या, परतल्या त्यासुद्धा सोवळे-ओवळे सांभाळून, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या हट्टापुढे नमून नव्हे, तर माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे आपल्याच डोक्याने ठरवून. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा वाचताना मला वाटते की डॉरथी केरीला लिहिता येत असते तर काय लिहिले असते, त्याचा अंदाज यावरून बांधता येईल. मात्र लक्ष्मीबाईंचे हसू तिला कोठून मिळाले असते, कोण जाणे. राजाईचे गाऱ्हाणे येथे विनोदात विरघळले आहे, नाहीसे झालेले नाही.

स्वातंत्र्यानंतर वारा फिरला. तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी केली. ती पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडाला लागू होती, हैदराबाद राज्यातल्या कळमनुरीला नव्हती. सरहद्दीचा हा बहुधा शेवटचाच हिशेब, कारण १९५६ साली अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दोन्ही तीर एका मुंबई राज्यात आले. परक्या मिशनऱ्यांचे परवाने आखडत गेले. समितीचे सर्व निष्कर्ष मला मान्य नाहीत. पण ज्यांच्या गावी कोणी परका आपले पाचारण घेऊन येतो त्यांनाही काही म्हणायचे असू शकते, हे तिने दप्तरी लावले, यात गैर काही नव्हते. याच सुमारास, १९५३ साली, यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली (१९८३ साली ती पुण्यास गेली), आणि देशी तरुणतरुणी परक्या मुलखात जाण्याची तयारी वऱ्हाडातच करू लागली. ज्या श्रीरामपुरात डॉरथीने प्राण सोडला तेथेच १९०५ च्या नाताळात भारतीयांनी आपली राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन केली होती, तिचे हे पुढचे पाऊल म्हणता येईल.

परंतु तयारी या शब्दाचा अर्थ पुरता उलटा करून दाखविला तो राहुरीकडचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे यांनी. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या दोघांनी १९६० साली लग्नाच्या वेळीच खेड्यातल्या गोरगरिबांना आयुष्य वाहण्याची शपथ एकत्र घेतली. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षे काढली. मग ते समुद्रापार अमेरिकेस गेले. मात्र अमेरिका हे त्यांचे सेवाक्षेत्र नव्हते, तयारीचे ठिकाण होते, आणि परदेश होता तो जामखेड, जेथे ते १९७० साली येऊन बसले. दवाखान्यापेक्षा त्यांनी अधिक भर दिला तो गावच्या बायकांवर. बहुतेक दलित, गरीब, पुष्कळशा अक्षरशत्रू अशा या बायकांना मेबलताईंनी बाळंतपण, आहार, स्वच्छता, रोगाची पारख शिकविली आणि गावाचे आरोग्य त्यांच्याच हाती सोपविले. पुढे या कामाची कीर्ती जगभर झाली, १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. तेथे ते वह्या उघडून बसतात, आणि समोर उभी राहून शिकविणारी बाई कित्येकदा अशी असते की जिने आयुष्यातला पहिला कागद अंगठा उठवून दिलेला असतो.