हप्ता कुणाचा?

केंद्राचे वर्षाला ६००० रुपये २०१९ पासून येतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्यानं ‘नमो’चे तेवढेच वर घातले. म्हणजे सालाला १२०००. पैसे कुणाला नको असतात? खतापाण्याला हातभार लागतो.

पण हे पैसे शेतकऱ्याचे, तर शेतकरी म्हणायचं कुणाला? सरकारलेखी, ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला. माझे गुडघे गेल्यापासून दोन एकर रान निम्म्या वाट्यानं दिलंय. पेरणी वाटेकऱ्याची, खुरपण त्याच्या बायकोचं. विजेची पाळी रात्रीची आली की साप-विंचवात दारं धरायला तोच जातो. हप्ता मात्र माझ्या खात्यावर.

युरियातही सरकारचे पैसे असतातच. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते, बाकीचा भार सरकार उचलतं. पण ते अनुदान गोणीत असतं. गोणी फोडून रानात टाकणाऱ्याच्या पिकाला ते लागतं. खात्यावरचं अनुदान आधी मालक कोण ते विचारतं.

माझे वडील कूळ होते. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि कसेल त्याची जमीन झाली. वडिलांनी हप्त्याहप्त्यानं किंमत भरली. आमचं घर त्या कायद्यावर उभं आहे. पण त्याच कायद्याच्या धास्तीनं आज मालक वाटेकऱ्याला कागद करून देत नाहीत. उद्या कूळ लागलं तर? माझी पोरंही हेच म्हणतात. ज्या कायद्यानं कसणाऱ्याचं नाव कागदावर आणलं, त्याच्याच भीतीनं पुढचा कसणारा कागदावरून पुसला गेला.

भावकी म्हणते, “आण्णा, जमीन तुमची, जोखीम तुमची, हप्ताबी तुमचाच.” जोखीम माझी आहे, खोटं नाही. बी-खतात निम्मा खर्च माझा असतो, पाऊस हुकला तर निम्मं माझं बुडतं. पण निम्मंच! बुडताना निम्मं आणि घेताना सगळं, हा कुठला हिशेब?

म्हणून हप्ता आला की मी निम्मे पैसे वाटेकऱ्याच्या हातावर ठेवतो. तो हात जोडतो. तिथंच मला खुपतं. सरकारकडून घेताना मी कुणापुढं हात जोडत नाही, हक्काचे म्हणून घेतो. तेच पैसे माझ्या हातून त्याच्याकडं गेले की उपकार होतात. उद्या माझं मन फिरलं, तर त्यानं कुणाकडं दाद मागायची? ‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ आहे, पण ते मालकानं करायचं दान नव्हे.

ओडिशानं ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन मजूरही धरले होते. म्हणजे ठरवलं तर जमतं. यादीवरून भांडणं होतील म्हणतात. अहो, कुणाचं रान कोण करतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मालकीला धक्का लागणार नाही अशी कायद्यानं हमी द्यावी आणि या हंगामात रान कोण कसतोय, एवढंच लिहून घ्यावं. तसं झालं तर आमच्या गावात पहिली सही माझी.