ख्रिस्ती मनुष्याने कायद्याचा आश्रय घ्यावा काय?

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. घरातील तंटा, वृद्ध आईबापांची आबाळ किंवा दुकानदाराने केलेली फसवणूक, अशा गोष्टींकरिता विश्वासणाऱ्याने सरकारच्या दारी जावे काय? कित्येक सज्जन म्हणतात, जाऊ नये. सोसावे व प्रार्थना करावी. त्यांचे म्हणणे निराधार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने भावाने भावावर फिर्याद करण्याचा कडक शब्दांत निषेध केला आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

तो अध्याय कोणास लिहिला हे प्रथम पाहावे. जे आपल्या लाभाकरिता एकमेकांस नाडीत होते, त्यांस तो लिहिला. दोघे भाऊ बांधाच्या वितीवरून भांडत असतील, तर त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचावा आणि मंडळीच्या वडिलांपुढे बसून तंटा मिटवावा. परंतु त्याच पौलाने फेस्तापुढे उभे असता कैसराजवळ न्याय मागितला. सलाफहादाच्या पाच मुली बापाच्या वतनाकरिता मोशेपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा देवाने त्यांस दोष न देता त्यांचे म्हणणे योग्य ठरविले. तेव्हा दाद मागणे हे पाप नव्हे. लोभ व सूडबुद्धी हे पाप होय.

आणखी एक भेद आम्ही विसरतो. स्वतःचा हक्क सोडून देणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे, व तो प्रीतीने सोडला तर ती मोठी गोष्ट आहे. परंतु दुसऱ्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आपला अंगरखा द्यावयाचा तो आपण द्यावा. शेजारच्या विधवेचा अंगरखा देऊन टाकून आपण क्षमाशील झालो असे मानू नये. उपाशी म्हातारीस जो भरल्या पोटी सहनशीलतेचा उपदेश करितो, तो तिचे ओझे आणखी जड करितो.

वृद्धांविषयी तर बोलावे तितके थोडे आहे. म्हाताऱ्याने जमीन किंवा घर मुलाच्या नावे करून द्यावे आणि वर्षभरात त्याचे अंथरूण ओसरीवर यावे, हे दुःख केवळ अन्य धर्मीयांच्या घरचे नाही. देवास अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईबापांस टाकणाऱ्यांस प्रभूने कसा दोष लावला, हे मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. आपल्या देशात ह्याकरिता २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याअन्वये प्रांत अधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरणात अर्ज करिता येतो. वृद्धास स्वतः जाणे अशक्य असल्यास त्याने नेमलेला दुसरा मनुष्य किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. मूळ कायद्यात निर्वाहाची रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत सांगितली असून, निकाल सामान्यतः ९० दिवसांत व्हावा असे आहे. ह्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. मात्र अशी अट होती हे दाखविले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. म्हणून बक्षीसपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वीच ती अट स्पष्ट लिहून घ्यावी. मागून रडण्यापेक्षा आधी विचारणे बरे.

कोणी म्हणेल, कायद्याने प्रीती मिळते काय? नाही मिळत. हुकूमनाम्याने पैसे येतात, पण संध्याकाळी जवळ बसून दोन शब्द बोलणारा मुलगा येत नाही. तरी भाकर ही भाकरच आहे. प्रीती उत्पन्न करणे हे कायद्याचे काम नव्हे. ती जागी होईपर्यंत दुबळा मरू नये एवढे त्याने करावे. पुढचे काम मंडळीचे आहे, व ते तिने मामलेदार कचेरीवर ढकलू नये.

बाजारातील व्यवहाराचीही गोष्ट तीच. खोटे माप देवास ओंगळ वाटते असे शास्त्र शिकविते. मग ते मुकाट्याने चालू देणे चांगले कसे? ह्या कामी पुणे शहराने पुष्कळ केले आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी तेथेच ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. हल्ली २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. जिल्हा आयोगापुढे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वाईट बियाण्याने फसलेला शेतकरीही ग्राहकच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले. म्हणून पावती जपून ठेवावी.

आता उपदेशक बंधूंस दोन शब्द. आपण वकील नाही, हे आपण ओळखावे. ऐकीव गोष्टींवरून सल्ला देणे हे आंधळ्याने आंधळ्यास वाट दाखविण्यासारखे आहे. परंतु योग्य दार दाखविणे आपणांस साधते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, आणि ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक ह्यांस फुकट वकील मिळतो. स्त्रियांस उत्पन्नाची अट नाही. ह्याकरिता तालुक्याच्या न्यायालयात विधि सेवा समिती असते, आणि पुण्यात शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारता येते. म्हातारीस नुसता पत्ता सांगून थांबू नये. तिचे कागद नीट बांधून घ्यावे, तिच्याबरोबर एस. टी. त बसावे, व ती बोलेल तेव्हा शेजारी उभे राहावे.

जाण्यापूर्वी मुलास एकांती भेटावे, मग दोघा वडिलांस घेऊन भेटावे. ऐकले तर भाऊ मिळाला. न ऐकले तर न्यायाच्या दारी जावे. पण मनात सूड धरून जाऊ नये, आणि त्या मुलाकरिता प्रार्थना करण्याचे सोडू नये. दुबळ्यांचा कैवार घेणारा देव आम्हां सर्वांस त्यांची बाजू घेण्याचे धैर्य व ती घेताना नम्रता देवो.