‘जरा थांबा’ कोणी म्हणावे?



सुटीवरून परत आलो की ‘फादर, काय काय पाहिले?’ असे तुम्ही विचारता. या खेपेस अमेरिकेत नातलगांकडे गेलो होतो. नायगारा राहिला, भाच्याला गळ घालून आम्ही अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहर पाहून आलो. लोखंड आणि कोळशाच्या खाणींमुळे १८७१ साली वसलेले हे शहर. येथील कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारी बसून चहाचा घोट घेण्यासाठीसुद्धा लढावे लागले.

सोळाव्या रस्त्यावर दोन मनोऱ्यांचे विटांचे बाप्तिस्त चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळचे १० वाजून २२ मिनिटे. पायऱ्यांखाली ठेवलेला बाँब फुटला आणि तळघरात उपासनेची तयारी करणाऱ्या चार मुली जागीच गेल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन १४ वर्षांच्या. डेनिस मॅकनेअर अवघी ११ वर्षांची. त्या दिवशीच्या धर्मशिक्षणाच्या पाठाचा विषय होता, क्षमा करणारी प्रीती. चार संशयितांपैकी पहिल्याला शिक्षा झाली १९७७ साली, शेवटच्याला २००२ साली. एक जण खटला उभा राहण्यापूर्वीच, १९९४ साली वारला.

स्फोटात एका रंगीत काचेच्या खिडकीतील प्रभू येशूची आकृती शाबूत राहिली, फक्त चेहरा उडाला. पुढे दूरच्या वेल्समधील लोकांनी वर्गणी काढून १९६५ साली एक नवी खिडकी भेट दिली. कोणीही अर्ध्या क्राऊनपेक्षा जास्त द्यायचे नाही, असा दंडक होता. एका धनिकाच्या नव्हे, सर्वांच्या नावाने ती व्हावी म्हणून. (आपल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आठवल्या, असो.) जॉन पेट्स यांनी घडवलेल्या त्या खिडकीत ख्रिस्त कृष्णवर्णीय आहे. एका हाताने तो अन्याय दूर लोटतो, दुसरा हात क्षमेसाठी पुढे केलेला आहे. खाली मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायाची आठवण देणारे शब्द आहेत.

समोरच केली इंग्राम उद्यान. मे १९६३ मध्ये येथेच शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी कुत्री सोडली, अग्निशामक दलाच्या नळांनी पाण्याचा मारा केला. आता तेथे पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारी धातूची कुत्री उभी केली आहेत. त्यांच्या मधून चालावे लागते. खोटी आहेत हे ठाऊक असूनही आम्ही अंग चोरले.

पण रात्री झोप लागू दिली नाही ती या कुत्र्यांनी नव्हे, तर आमच्याच पेशाच्या माणसांनी. त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला, १२ एप्रिलला, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना येथे अटक झाली. त्याच दिवशी शहरातील आठ धर्माधिकाऱ्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात कृष्णवर्णीयांनी निदर्शनांपासून दूर राहावे, गाऱ्हाणी न्यायालयात न्यावीत, असे सांगितले होते. सही करणाऱ्यांत आपले सहाय्यक बिशप जोसेफ ड्यूरिकही होते. किंग यांनी तुरुंगात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर या आठजणांना उत्तर लिहायला घेतले. अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे, हे सांगताना त्या बाप्तिस्त पाळकाने आधार घेतला तो संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांचा. आपल्या सेमिनरीतले संत, आपल्याच बिशपांपुढे!

ही आठ माणसे दुष्ट मुळीच नव्हती. त्यांतील बहुतेकांनी त्याच जानेवारीत वंशभेदाचा जयघोष करणाऱ्यांना विरोध केला होता. आणि कॅथोलिकांना तर द्वेषाचा अर्थ ठाऊक होता. याच शहरातील संत पॉल चर्चचे फादर जेम्स कॉईल यांना १९२१ साली त्यांच्या निवासाच्या ओसरीवर गोळी घातली गेली. एका गोऱ्या मुलीचा प्वेर्तो रिकोच्या कॅथोलिक तरुणाशी त्यांनी विवाह लावला, म्हणून तिच्या बापाने. तो निर्दोष सुटला.

तरीही ‘थांबा’. का? एखादा म्हणेल, ते म्हणत होते तेच खरे ठरले, चळवळ पेटली म्हणून पाच महिन्यांनी बाँब फुटला. पण कृष्णवर्णीयांच्या घरांवर बाँब पडणे तेथे कित्येक वर्षे चालू होते. लोक शहराला ‘बाँबिंगहॅम’ म्हणत. थांबण्याची किंमत रोजच मोजली जात होती, फक्त ती सही करणारे मोजत नव्हते.

सेमिनरीत आम्हांला सद्‌गुणांमध्ये सुज्ञता पहिली शिकवली. संत थॉमस तिची तीन कामे सांगतात: विचारविनिमय, निर्णय आणि कृतीची आज्ञा. यांतले मुख्य तिसरे. पहिल्या दोहोंवर थांबलेली सुज्ञता अपुरी. शिवाय सहनशीलता हा स्वतःच्या दुःखाबाबतचा सद्‌गुण आहे. आपल्या अंगावर येईल ते सोसणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या अंगावर आलेले त्याने सोसावे असे त्याला सांगणे वेगळे. शब्द एकच, म्हणून आपली फसगत होते. मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या गोष्टींबद्दलही क्षमा मागतो. पण पापनिवेदनाला ‘फादर, मी एकाला थांबायला सांगितले’ असे म्हणणारा अजून आम्हांला भेटलेला नाही. आम्हीही कधी म्हटले नाही.

बिशप ड्यूरिक मात्र बदलले. पुढे नॅशव्हिलचे बिशप असताना ते वर्णसमतेच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. आपल्याच काही भाविकांचा रोष त्यांनी पत्करला. १९७५ साली पद सोडून ते कैद्यांच्या सेवेला लागले. तुरुंगातून आलेले पत्र त्यांनी बहुधा पूर्ण वाचले असावे, असे आम्हांला वाटते.

आम्ही पूर्वी एका धर्मग्रामात असताना पाड्यावरचे चार बाप्ये एका संध्याकाळी निवासावर आले होते. चपला बाहेर काढून, उभ्यानेच बोलले. सणाच्या वर्गणीला आमची घरे मोजता, मग कमिटीत आमचा एकही माणूस का नाही, एवढेच त्यांचे विचारणे होते. आम्ही त्यांना बसवले, चहा दिला. म्हणणे रास्त आहे, असेही म्हणालो. फक्त यंदाचा सण नीट पार पडू दे, पुढच्या वर्षी नक्की बघू, असे सांगितले. ते ‘बरंय, फादर’ म्हणून गेले.

पुढच्या वर्षी सणाच्या आधी आमची बदली झाली.