दोष कलीचा कीं नळाचा?

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानांत बेहड्याचें झाड कोणास अपरिचित नाहीं. थंडीच्या दिवसांत त्याचीं पिकलेलीं फळें खालीं पडतात आणि आमच्या आयाबहिणी तीं वेंचून, वाळवून बाजारीं नेतात. हिरडा, बेहडा व आवळा मिळून त्रिफळा होतो, हें सांगावयास वैद्य नको. परंतु याच झाडास प्राचीन वाङ्मयांत विभीतक असें नांव आहे. वेदकाळीं याचीं फळें जुगारांत फांसे म्हणून वापरीत असत, आणि नळराजाच्या देहांतून निघालेला कली याच झाडांत जाऊन दडला, असें महाभारत सांगतें.

ही कथा आपल्या विदर्भाची आहे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या व कुंडिनपूर हें तिचें माहेर. तें वर्धेकांठचें कौंडिण्यपूर होय, असें परंपरा मानते. आणि त्याच वर्धेचें पाणी पुढें चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेनें वाहत जाऊन वैनगंगेस मिळतें. म्हणून या कथेंतील एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. प्रेम खरें असूनही मनुष्य आपल्या माणसाचा घात करितो, तेव्हां तो दोष कोणाचा मानावा?

पुष्कळांस ही कथा लग्नापर्यंतच ठाऊक असते. हंसानें निरोप नेला, इंद्र, अग्नि, वरुण व यम हे चार देव नळाचें रूप घेऊन स्वयंवरास बसले, तरी दमयंतीनें खऱ्या नळास ओळखून माळ घातली. रघुनाथपंडितानें मराठींत याच भागाचें रसाळ आख्यान रचिलें. बाराव्या शतकांत श्रीहर्षानें नैषधीयचरित्राचे २२ सर्ग लिहिले. तेही विवाह व नवदंपतीचें सुख यांपलीकडे जात नाहींत. अभिलाषेचें वर्णन गोड असतें, आणि कवींचा पाय तेथेंच रेंगाळतो. संसारांत पुढें काय झालें, तें वनपर्वांत बृहदश्व ऋषि सांगतात. आणि ऐकणारा कोण, तर द्यूतापायीं राज्य गमावून रानांत आलेला युधिष्ठिर! १८१९ सालीं फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानें हें आख्यान लॅटिन भाषांतरासह लंडन येथें छापिलें व तेव्हांपासून तें युरोपांतही वाचलें जाऊं लागलें. दूरच्या लोकांनाही त्यांत आपलेंच घर दिसलें असावें.

नळ सद्गुणी राजा होता. कली बारा वर्षें संधि पाहत राहिला. एके दिवशीं नळ पाय न धुतां संध्येस बसला, आणि तेवढ्या उणीवेंतून कली आंत शिरला. मग भाऊ पुष्कर याच्याशीं फांसे खेळतां खेळतां सर्वस्व गेलें. रानांत दमयंती म्हणाली, "आपण दोघें माझ्या माहेरीं जाऊं." परंतु जेथें वैभवानें गेलों तेथें दरिद्री होऊन कसें जावें, ही लाज नळास आवरेना. शेवटीं एका रात्रीं ती निजली असतां तिचें अर्धें वस्त्र कापून घेऊन तो निघाला. पुन्हा मागें आला, रडला, पुन्हा निघाला. प्रेम होतें म्हणून तो मागें वळला. परंतु तेवढ्या प्रेमानें त्याचा पाय थांबला नाहीं.

पुढें पुष्कळ काळानें दोघांची भेट झाली, तेव्हां नळ काय बोलला? राज्य गेलें व तुला टाकिलें तें मीं केलें नाहीं, कलीनें केलें, असें तो म्हणाला! वाचकहो, हा स्वर आपल्या ओळखीचा नाहीं काय? दारूनें केलें, मीं नव्हे. सोबत्यांनीं ओढून नेलें. नशिबांतच तसें होतें. आदामानेंही असेंच हव्वेकडे बोट दाखविलें होतें.

परंतु नळाचें हें बोलणें कथा निमूटपणें मान्य करीत नाहीं. त्याच भेटींत तो दमयंतीवर उलट ठपका ठेवितो कीं, पतिव्रता स्त्री दुसरा वर कसा शोधील? आतां ध्यानीं घ्यावें कीं त्या वेळीं कली त्याच्या अंगांत नव्हता. तो वाटेंतच बेहड्याच्या झाडांत गेला होता. मग हा कठोर शब्द कोणाचा? तो नळाचाच. कली गेला तरी मनुष्याचें मन आपोआप शुद्ध होत नाहीं, हें कथाकारास पक्कें ठाऊक होतें.

कली निघाला तो कसा, हेंही पाहण्याजोगें आहे. बाहुक नांवानें नळ ऋतुपर्ण राजाचा सारथि झाला होता. वाटेंत राजानें एका बेहड्याचीं पानें व फळें किती, तें एका दृष्टिक्षेपांत सांगितलें. नळानें रथ थांबविला व मोजून पाहिल्यावांचून पुढें जाणार नाहीं असें म्हटलें. त्यानें मोजिलें, गणित खरें ठरलें, आणि ज्या फांशांनीं त्याचा नाश केला त्यांची विद्या त्यानें राजाकडून शिकून घेतली. तेव्हां कली बाहेर पडला. आपला दोषही असाच थांबून, उतरून, एक एक मोजावा लागतो.

दमयंतीविषयीं आमच्या गांवांत एक चुकीची समजूत आहे. नवरा कसाही वागो, दमयंतीप्रमाणें सोसावें, असा उपदेश पोरींस केला जातो. पण मूळ कथेंतील दमयंती मुकाट्यानें सोसणारी नाहीं. सर्वस्व जात आहे असें दिसतांच तिनें प्रथम दोन्ही लेकरें सारथ्याबरोबर माहेरीं पोंचतीं केलीं. मग नळाचा शोध करविला. दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता पाठवून त्यास आणविलें. दासीकडून त्याची परीक्षा घेतली. आणि निजलेल्या निरपराध पत्नीस रानांत टाकणारा पुरुष कोण, असें तोंडावर विचारलें. त्यानंतरच तिनें त्यास आपला म्हटलें. तिची क्षमा डोळस होती.

शेवटचा प्रसंग पुष्कराचा आहे. नळानें परत खेळून राज्य जिंकिलें. पुष्कर आतां त्याच्या हातीं सांपडला होता. पण नळ त्यास म्हणाला कीं, मला जिंकिलें तें तूं नव्हे, कलीनें. दुसऱ्याचा दोष मी तुझ्या माथीं मारणार नाहीं. मग त्याचा वांटा देऊन त्यास सन्मानानें घरीं पाठविलें. शब्द जवळजवळ तेच आहेत, जे त्यानें दमयंतीपुढें काढिले होते. स्वतःसाठीं काढिले तेव्हां ती पळवाट होती. अपराध्यासाठीं काढिले तेव्हां ती दया झाली. आपला दोष मोजतांना कलीचें नांव घेऊं नये, आणि दुसऱ्याचा मोजतांना तें विसरूं नये, एवढा धडा या कथेपासून घेतां येतो.

गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. बंदी असावी कीं नसावी, यावर पारावर पुष्कळ वाद झाले. कायद्याचा उपयोग आहेच. तो कलीला वेशीबाहेर अडवूं शकतो. पण आपले पाय धुण्याचें काम कोणतेंही सरकार आपल्यासाठीं करणार नाहीं. ज्या घरीं रात्रीं लेकरें बापाच्या पावलांच्या आवाजानें दचकतात, त्या घरच्या बापानें उद्यां सकाळीं कलीचें नांव न घेतां आपल्या बायकोपुढें खरें बोलावें. तिनें परीक्षा पाहिली तर रागावूं नये. तो तिचा अधिकार आहे. आणि शेजाऱ्यांनीं त्या सुधारूं पाहणाऱ्या मनुष्यास हिणवूं नये. पुष्करास मिळाली तशी एक जागा त्याच्यासाठींही ठेवावी.