अलंकार आणि अर्थ

अलंकाराने अर्थ खुलतो, असे आपण मानतो. परंतु अलंकार उतरविल्यावर काहीच उरत नसेल, तर त्यास अलंकार म्हणावे काय?

हा प्रश्न संगणकाच्या एका साध्या साधनामुळे उभा राहतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली ‘लिंक्स’ नावाचा ब्राउझर निर्माण झाला. तो टर्मिनलमध्ये, म्हणजे केवळ अक्षरे उमटणाऱ्या पडद्यावर चालतो. त्यात चित्रे दिसत नाहीत, जाहिराती हलत नाहीत. बाणांच्या कळा दाबून एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जावयाचे. पडद्यावरील अक्षरे वाचून दाखविणारे यंत्र जोडले की दृष्टिहीनासही तो उपयोगी पडतो. चित्राच्या जागी, कर्त्याने लिहून ठेविले असेल तर, त्याचे वर्णन येते; नसेल तर बहुधा फाइलचे निरर्थक नाव. चित्रास शब्दांची जोड द्यावी, हा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतील पहिलाच दंडक होय.

उज्जैनच्या टॉवर चौकात संध्याकाळी रंगीत पाट्या आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांचे दिवे यांची दाटी असते. तेथे शोभा पुष्कळ. पण मनोऱ्यावर घड्याळ बसविणाऱ्याचा हेतू शोभेचा नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्यास वेळ कळावी हा. म्हणूनच अशा घड्याळांना डोळ्यांसाठी तबकडी आणि कानांसाठी टोल देण्याची रीत पडली.

यावर कोणी म्हणेल, मूर्तिपूजक समाजाने रूपाचा तिरस्कार का करावा? तसा तो करूच नये. याच नगरीतील महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारिले. तेथे देवाचा शृंगार नित्य होतो. परंतु शृंगार न दिसणाराही रित्या हाताने परतत नाही: घंटा कानी पडते, मंत्र ऐकू येतो, तीर्थप्रसाद हाती मिळतो. आपल्या पूर्वजांनी उपासना एकट्या डोळ्यांवर कधी सोपविली नाही.

आज मात्र उत्सवाची पत्रिका सुशोभित चित्र म्हणून संकेतस्थळावर चढविली जाते. तिथी, पालखीची वेळ, महाप्रसाद, सारे त्या चित्रातच. खाली दोन ओळी लिहिण्याचे श्रम कोणी घेत नाही. ज्याला दिसत नाही, त्याच्यापुरते देवालयाचे दार लागले. देवदर्शनाच्या रांगेतून आपण कोणा अंधास हाताला धरून बाहेर काढणार नाही. मग येथे न बोलता तेच का करावे? त्या दोन ओळी म्हणजे उपकार नव्हेत, ते यजमानाचे कर्तव्य आहे.