नाही म्हणण्याचे नीतिशास्त्र

माणसाच्या अंगी एखादा तरी सद्‌गुण असावा म्हणतात. माझ्या अंगी एकच आहे : मी कोणाला नाही म्हणत नाही. लग्नात पंगत वाढायला हो, दुर्गोत्सवात रांगोळीचा परीक्षक व्हायला हो, शेजाऱ्याचं कुत्रं फिरवायलाही हो. यवतमाळातल्या एका पतसंस्थेचा मानद सचिव मी झालो, तो याच सद्‌गुणापायी.

तर आमच्या या संस्थेचा सर्व्हर दर महिनाअखेरीला गोठायचा. व्याजाची आकारणी चालू, अहवाल चालू, त्यातच बॅकअप सुरू झाला, की सगळे पडदे होते तसे थिजत आणि रांग थेट रस्त्यावर जाई. शिपाई म्हणाला, बंद करून सुरू करा. केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अध्यक्ष म्हणाले, नवा घेऊ. मी त्यांनाही हो म्हणालो.

शेवटी दारव्ह्याहून भाचा आला. संगणकातला जाणकार. काळ्या पडद्यावरचे आकडे तासभर न्याहाळून म्हणाला, "मामा, याले काहीच झालं नाही. हा कोनाले नाही म्हनत नाही, थोच याचा रोग."

मी दचकलो. निदान कोणाचं चाललं होतं?

प्रकार असा होता. मेमरी १६ जीबी. त्यातली १४ एकट्या डेटाबेसला देऊन ठेवलेली. बॅकअपनं मागितली, हो. अहवालानं मागितली, हो. लिनक्सची रीतच अशी, की मागेल त्याला आधी वचन द्यायचं. सगळे एकदम वसुलीला येत नाहीत या भरवशावर. (पतसंस्था तरी दुसरं काय करते?) पण एकदम आलेच, तर मेमरीतलं सामान डिस्कवर नेऊन टाकायचं, लागलं की परत आणायचं. फिरती डिस्क मेमरीपेक्षा लाखपट मंद. शिवाय तिच्यावरच बॅकअपही लिहिला जात असतो. मग सगळा वेळ सामान इकडून तिकडे करण्यात जातो आणि काम शून्य. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच त्याची कारणमीमांसा करून ठेवली आहे.

मला मात्र डेनिंगपेक्षा वडिलांची बैलगाडी आठवली. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतरच्या रांगेत मी गाडीवर झोपलेलो आहे. जिनातला ढीग हलत नाही म्हणून आवारातली गाडी रिकामी होत नाही. ती होत नाही म्हणून रस्त्यावरची सरकत नाही. आणि काटेवाला हात बांधून बसलेला! आमचा प्रोसेसर तसाच बसला होता. काटा रिकामा, गाड्या भरलेल्या.

"मग हे संपते कधी?"

"डिस्कवरची राखीव जागाही संपली, का कर्नल एकाले मारते."

मला वाटलं, फौजेतला. निघाला प्रणालीचा गाभा. तो प्रत्येकाला गुण देतो आणि ज्यानं सर्वात जास्त जागा अडवली, बहुधा त्याचाच बळी घेतो. म्हणजे आमचा डेटाबेस, ज्यात खातेदारांचा पैसा न्‌ पैसा लिहिलेला! ज्याला वाचवायचं, त्याच्या नावापुढे आधीच उणे हजार लिहून ठेवावं लागतं. मेलेल्याचं नाव मात्र तो नोंदवहीत प्रामाणिकपणे टिपतो.

इथे मला जरा गप्प बसावंसं वाटलं. कारण माझीही जागा संपते, आणि मीही कोणाला तरी मारतोच. फरक इतकाच, की यंत्र सर्वात जास्त जागा अडवणाऱ्याला मारतं; मी सर्वात कमी आवाज करणाऱ्याला. अध्यक्ष ओरडतात, ते जगतात. शेजारी दार वाजवतो, त्याचं कुत्रं जगतं. आणि नोंद तर मी ठेवतच नाही.

भाच्यानं डेटाबेसला ८ जीबीची मर्यादा घातली, बॅकअप रात्री दोनवर ढकलला, आणि डिस्कवर लिहायचा माल साचू न देता थोडा थोडा आधीच रवाना होईल असं केलं. नवा सर्व्हर वाचला. निघताना चपला घालत सहज म्हणाला, "आई विचारत होती. दिवाळीपासून येतो येतो म्हनून रायले तुम्ही."

ताईनं स्वतः एकदाही फोन केला नव्हता. ती कधीच आवाज करत नाही.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. रविवारी सत्कार समितीची बैठक, तुम्ही हवेतच.

"नाही जमणार," मी म्हणालो, "दारव्ह्याला जायचंय."

पलीकडून बराच वेळ काहीच हालचाल नाही. गोठले असावेत.